फिरती चकरी

"गळाचा नकली मासा हलका असेल तर स्पिनिंग रीळच घ्या, दोरी फेकताना त्याची चकरी फिरत नाही," काल पलासिया भागातला मासेमारीच्या सामानाचा दुकानदार म्हणाला. रिळाच्या तेलाचा वास आला आणि तलावाकाठचे बाबा आठवले.

बाबांची कापड मिल बंद पडली होती. सियागंज बाजारातले मामा आपल्या दुकानात काम देतील, ही बाबांना आशा होती. एका रविवारी मामांनी त्यांना मित्रांसोबत तलावावर मासे धरायला नेलं आणि दोन रिळं पुढे केली. जन्मभर फिरत्या बॉबिनवर सूत भरलेल्या बाबांनी विश्वासाने फिरत्या चकरीचं बेटकास्टिंग रीळ उचललं. हलका नकली मासा जवळच पडला, चकरी मात्र फिरतच राहिली. दोरीचा गुंता झाला.

"देखो भिया, जीजाजींची मिल का बुडाली ते आज समजलं!" मामा मित्रांना म्हणाले.

सगळ्यांबरोबर बाबाही हसले आणि त्यांनी दोरी कापून टाकली. मिलमध्ये तुटलेला धागा जोडल्याशिवाय ते जेवणाचा डबा उघडत नसत.