खळीनं चिकटवलेली पानं

परवा जुन्या पुस्तकाच्या बांधणीसाठी पिठाची खळ शिजवली, आणि त्या वासानं मला लातूरच्या आमच्या ओसरीवर नेलं. तिथं मी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, मनीला, रझाकारांच्या दिवसांचा इतिहास वाचून दाखवत होतो. पोर घाबरेल म्हणून गाव जाळल्याची दोन पानं मी आधीच खळ लावून चिकटवली होती. मोठाच शहाणा मी!

"एक्केचाळीसनंतर चव्वेचाळीस? बाबा, तुम्हाला आकडे येत न्हाईत का?"

मी पानाच्या आकड्यावर अंगठा ठेवला. शेजारी बसलेले माझे वडील म्हणाले, "सोडव ती पानं. त्या आगीत आपलंबी घर गेलं. मी ज्वारीत लपून बघत होतो."

"आबा, मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही?" मी विचारलं.

"कसं सांगणार? तू लई भित्रा."

मनी पुस्तक टाकून त्यांच्याजवळ सरकली. तिच्यामागं मीही सरकलो, जरा भीतभीतच.