युरियाचे गुरुजी

अनसिंगला शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे जगदेव गुरुजी युरियाचा धडा आला की देहभान विसरत. "सजीवांच्या शरीरातले पदार्थ घडवायला काही वेगळी जीवनशक्ती लागते, असं मोठमोठे विद्वान मानायचे," ते सांगत. "मग एका जर्मन माणसानं नुसते क्षार तापवले आणि मूत्रातला युरिया काचेच्या भांड्यात तयार झाला. माती आणि माणूस यांच्यात भिंतच नाही." मुलं मूत्राला हसत. गुरुजी खिडकीबाहेर तुरीच्या रानात हरवलेले असत. आम्ही बरोबरचे शिक्षक त्यांना युरियाचे गुरुजी म्हणून चिडवायचो. माणूस मात्र लाखात एक.

चौऱ्याहत्तरच्या आषाढात त्यांची तीन वर्षांची लेक तापानं गेली. शेताच्या बांधाशी तिला मातीत ठेवलं आणि वर गुरुजींनी पिंपळाचं रोप लावलं. ते रडले नाहीत. "कुठं काय गेलं? कार्बन, नायट्रोजन, सारं इथंच आहे, आता पानांतून वर येईल," असं आल्यागेल्याला सांगत राहिले. ते इतक्या गोड आवाजात सांगत की ऐकणाऱ्यालाही गुंगी यायची, खरंच वाटायचं. त्यांची बायको वच्छलाबाई तेवढी चुलीपाशी गप्प असायची.

रोप वाढेना. तेव्हा या विद्वानानं ओंजळभर युरिया त्याच्या बुडाशी ओतला. कुण्याही शेतकऱ्यानं त्यांचा हात धरला असता, पण विचारतो कोण? आठवड्यात पानं करपून गळाली. वच्छलाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. मला गुरुजींचा राग आला आणि कीवही आली.

तूर फुलली होती तेव्हा एका संध्याकाळी मी त्यांच्यासोबत बांधावर गेलो. सगळं रान पिवळं, हवा थांबलेली. वच्छलाबाई त्या वाळक्या काडीपाशी बसल्या होत्या.

"सारं इथंच हाये म्हनता ना," त्या इतक्या दिवसांनी बोलल्या. "मंग माही पोरगी कुठं हाये?"

आता पुन्हा कार्बन निघणार, असं मला वाटलं. गुरुजी मातीवर हात ठेवून खाली बसले.

"जे होतं ते सारं हाये, वच्छला. पन ती नाही. आपली पोरगी मेली."

आणि ते हमसून हमसून रडू लागले. वच्छलाबाई त्यांच्याजवळ सरकल्या, पदरानं त्यांचे डोळे पुसू लागल्या.

"मी कवाची तुमची वाट पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "एकटीनं किती रडावं मी?"