मोडायचा पंख

लाकडाची कोणतीही वस्तू दिसली की ती आधी बोटाच्या पेराने टकटक करून बघायची. टेबल, दार, एकदा तर सरांची खुर्ची, आणि तीही सर बसलेले असताना! वर म्हणायची, "मोडायचं आसंल तर हितंच मोडू दे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमची ही म्हसवडची पोरगी मात्र सांगलीतल्या कॉलेजच्या क्लबात आली ती थेट विमान बांधायला. बिनइंजिनाचं, वाऱ्यावर तरंगणारं, एकाच माणसाचं. आराखडा तिचा आणि पहिल्यांदा बसणारही तीच, कारण ग्लायडर उडवायचं रीतसर शिक्षण आमच्यात फक्त तिचं झालं होतं.

उडण्याआधी पंखाची परीक्षा असते. हुबेहूब तसाच एक जादा पंख बांधायचा आणि वाळूची पोती रचत रचत तो मोडायचा. कितीला मोडतो त्यावरून खरा पंख काय सोसेल ते कळतं.

आम्ही पोती रचली. सगळी संपली, तरी पंख ढिम्म! आम्ही नाचायला लागलो. ती वाकून टकटक करत होती. एका जागी थांबली.

"हितं आतनं पट्टी कुनी लावली रं?"

मेढ्याचा आमचा दोस्त मेढेकर खाली बघत म्हणाला, "तू बसनार हाईस त्यात. भ्या वाटलं म्हून लावली."

"आन् खऱ्या पंखात?"

"तितं न्हाई. वजन वाढलं आसतं."

बोंबला! म्हणजे ओझं पेललं पट्टीने, आणि उडणार होता बिनपट्टीचा पंख. आता ही ह्याला सोलून काढणार, असं मला वाटलं.

"लय माया हाय रं तुजी," ती म्हणाली, "पन तीच मला खाली आपटंल." आणि चहा पिऊन तिने नवा पंख बांधायला घेतला. आमच्या सुट्टीचं वाटोळं झालं. मी मनातल्या मनात तिला भरपूर शिव्या घातल्या.

तो पंख मोडला, पण ठरलेल्या ओझ्याच्या बराच पुढे जाऊन. काडकन आवाज झाला, आमचे चेहरे पडले, आणि ही बया टाळ्या पिटतेय! "आता बसते मी."

तिच्या गावाकडे, माणच्या माळावर जीपने दोर ओढला. विमान वर चढलं, दोर सुटला आणि सगळं शांत झालं. मेढेकराने डोळे गच्च मिटून घेतले होते. तेवढ्यात डोक्यावरून हाक आली, "मोडला न्हाई रंऽ!" इंजिनच नाही, त्यामुळे खणखणीत ऐकू आली. आम्ही सगळेच रडलो, त्यात लाजायचं काय?

आता ती बंगळुरूला नोकरी करते. फार आठवण येते तिची. परवा क्लबातल्या नव्या पोरांनी पंख मोडायला काढला, तेव्हा मेढेकर मुद्दाम आला. पोती आणू दिली नाहीत त्याने. आधी वाकला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक करत गेला.