आबांनी शेकलेला ड्रम

ड्रमसेट घरी आला तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचं बारसंच केलं. मोठ्या ड्रमला ते कोठी म्हणायचे, वरच्या दोन लहान ड्रमना शेर आणि पायली. पितळी झांजा म्हणजे खापरं, कारण त्यांच्यावर मांडे होतील अशी आबांची खात्री होती. कडक आवाजाच्या स्नेअर ड्रमला पोटाखाली तारा असतात, त्या शेवया. आणि पायाने दाबायचं पेडल म्हणजे शिलाई मशीन. मी जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचो, पण घरात कुणाच्या तोंडात खरी नावं बसलीच नाहीत. खापर पुसायचं फडकं कुठे गेलं, असं आईने विचारलं की शेजारीण बिचारी स्वयंपाकघरात शोधायला जायची.

आबा स्वतः डफ वाजवायचे. धरणगावाजवळच्या आमच्या गावात श्रावणात कानबाई देवीला निरोप द्यायला निघालं की पुढे त्यांचा डफ. माझ्या हाताला नाद लागला तो त्यांच्यामुळेच. तरी माझा एकही कार्यक्रम त्यांनी ऐकलेला नव्हता. कधी कापूस वेचणीला आलेला, तर कधी गाय व्यायलेली. शेवटी धुळ्याच्या मोठ्या कार्यक्रमाला यायचं त्यांनी कबूल केलं आणि मी हरखून गेलो. टाळ्या पडोत न पडोत, आबांनी समोर बसून एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

त्या दुपारी मी टेम्पो आणायला गेलो. परत येतो तर अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि इस्त्रीचा सदरा घातलेले आबा स्नेअर त्या जाळासमोर धरून बसलेले. डफाचं कातडं हवेने सैल पडतं, शेकलं की ताणलं जातं आणि खणखणीत बोलतं. वाजवण्याआधी शेकायचं, ही आमच्याकडची रीतच. ड्रमचं पान प्लॅस्टिकचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते एका कडेने पापडासारखं आकसून गेलं होतं.

"तपाडं नही ते बोली कसं?" ते खाली बघत म्हणाले.

मला हसू आलं. टेम्पोवालाही हसला. धुळ्याला दुसरा ड्रम मिळेल, काळजी करू नका, असं मी परोपरीने सांगितलं. पण आबांनी सदरा काढून खुंटीला लावला. गायीला बरं नाही म्हणाले. गाय दावणीला मजेत रवंथ करत होती.

ड्रम मिळाला, कार्यक्रमही रंगला. मला मात्र वाजवण्यात गोडी वाटली नाही. त्यानंतर आबांनी माझ्या कार्यक्रमाचं नाव काढलं नाही, आणि माझ्याकडूनही आग्रह धरायचं राहून गेलं. पुढे त्यांचे कान हळूहळू गेले. कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. आता ढोल वाजला तरी त्यांना कळत नाही.

यंदा कानबाईच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, सगळे भाऊबंद गावी जमले. मी आता धुळ्याला असतो, तिथून मीही गेलो. जेवणं झाल्यावर आबा माझ्या पुतण्याला काहीतरी रंगवून सांगत होते. जवळ जाऊन बसलो तर धुळ्याचा कार्यक्रम.

"मी पहिल्या रांगमा बठेल व्हतू," आबा म्हणाले.

मग लाल दिवे कसे लागले, मी एका ठिकाणी हात वर करून कसा थांबलो, लोकांनी श्वास कसे रोखले आणि पुन्हा वाजवायला लागल्यावर म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीवरून कशी उठली, हे सगळं त्यांनी सांगितलं. गुडघ्यावर बोटांनी तो ठेकाही वाजवून दाखवला. आईने माझ्याकडे पाहिलं.

इतकं सुंदर मी आयुष्यात कधी वाजवलेलं नाही. आबांच्या त्या कार्यक्रमाला आपण असायला हवं होतं, असं तेव्हापासून वाटत राहतं.