काकांची स्वस्तातली रायफल

आमच्या शेजारच्या काकांना ब्रह्मदेवाने हे जग दाखवायला नेलं असतं, तर त्यांनी आधी दोन-चार स्क्रू बदलायला सुचवले असते. दुकानातून आणलेली वस्तू आहे तशी वापरणं हा त्यांना इंजिनिअर जातीचा अपमान वाटतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी टोस्टरला जोरकस स्प्रिंग बसवली. तेव्हापासून अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या त्या घरात पाव भाजला की उडतो आणि काकू ताटली घेऊन झेल घ्यायला उभ्या असतात.

मग त्यांनी दुकानातली सगळ्यात स्वस्त रायफल आणली. शिकारीसाठी नव्हे, काका झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात. दर शनिवारी रेंजवर जाऊन कागदावरच्या गोलावर नेम धरायचा, एवढाच शौक. ड्राइव्ह मी करायचे आणि नेम धरायला त्यांनीच मला शिकवलं. "स्वस्त वस्तू म्हणजे कच्चा माल गं, अपग्रेड केल्याशिवाय परफॉर्मन्स नाही," असं म्हणत त्यांनी ट्रिगर बदलला, दस्ता बदलला, नळीसुद्धा बदलली. तरी गोळ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांच्या कागदावर जायच्या. आजोबा मनापासून थँक यू म्हणायचे.

खरं म्हणजे काकांचा हात थरथरू लागला होता. चहा सांडला की ते कपाचं बूड तपासायचे. काकूंना आणि मला सगळं कळत होतं, पण रेंज सुटली तर हा माणूस घरात बसून कोमेजेल, या भीतीने आम्हीही इमानदारीत ट्रिगरलाच शिव्या घालत होतो.

दसऱ्याला काकूंनी पाटावर रायफल मांडली आणि शेजारी बुटांच्या खोक्यात पडलेले तिचे मूळ भागही मांडून हळदकुंकू वाहिलं. "बिचाऱ्यांना नीट वापरून न बघताच काढलंत. पूजा झालीय, आता परत बसवा!" काका कुरकुरले, पण बसवले.

त्या शनिवारी काकांच्या गोळ्या चारी दिशांना गेल्या. "बघ! फॅक्टरीचा माल! तू मारून बघ." त्यांचं मन राखायला मी मुद्दाम कागदाच्या कोपऱ्यावर नेम धरला. मधला गोल कोराच राहिला. मला वाटलं, सुटले. काका मात्र दुर्बिणीतून बघतच राहिले. कोपऱ्यात सगळी भोकं एकमेकांना चिकटून पडली होती, आणि इंजिनिअरला त्याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

"चांगली आहे यार रायफल," ते हळूच म्हणाले. "पहिल्यापासून चांगलीच होती." मग हात जॅकेटच्या खिशात घालून ते गाडीत जाऊन बसले.

शनिवारी आम्ही अजून जातो. नेम मी धरते, काका मागे उभे राहून माझ्या चुका काढतात. पण त्या दिवशी परतताना मी कॉफी घेतली, तेव्हा काकांनी कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला अर्धाच भरून दे गं," ते म्हणाले. "माझ्या हातून सांडते."

त्यांनी त्या कपाला मनसोक्त नावं ठेवली असती, तर मला किती बरं वाटलं असतं.