बाबांची गाणी कोणती

"डिमेंशिया है," डॉक्टर म्हणाले आणि बाबांचा रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून सगळे कागद माझ्याकडेच येतात. पण तो शब्द मलाही नीट माहीत नव्हता. डिमेंशिया म्हणजे नुसतं म्हातारपणाचं विसरणं नव्हे. मेंदूचं काम हळूहळू मंदावतं. आठवण, समज, स्वभाव, सगळं बदलत जातं.

बाबा इथे झाशीत रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतरही सकाळी ड्यूटीचा डबा मागायचे, तेव्हा आम्ही हसायचो. ती सुरुवात होती.

आता आंघोळीला नेलं की ते मारायला धावतात. आईसमोरच मला विचारतात, "ये बाई कौन है?"

डॉक्टर म्हणाले, "उनकी जवानी के गाने सुनाइए. दवा नहीं है, पर मन शांत रहेगा."

आई भुसावळची. म्हणाली, "आपली भक्तिगीतं लाव, ओळखतील." नाही ओळखली. मधेच मोबाइलवर जाहिरात ओरडली, बाबांनी मोबाइलच भिरकावला. हॉस्पिटलच्या बाकावर हेडफोन लावला, तर म्हणाले, "कान में का ठूंस दओ!" लोक हसले. मी वाचलेल्या लेखांमध्ये अशी म्हातारी माणसं गाणं ऐकताच उजळतात. मला त्या लेखांचाच राग येऊ लागला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "खुद क्या गाते थे?"

आई लाजली. "होली में... फाग."

फाग म्हणजे होळीची बुंदेली गाणी, ढोलकीवरची, काही जरा चावटही. बाबा इथल्याच रेल्वे कॉलनीत वाढले. घर मराठी म्हणून त्यांची गाणीही मराठी, असं आम्ही धरून चाललो होतो. तुमच्या घरी कुणी असं आजारी असेल, तर ते माणूस स्वतः काय गायचं, हे आधी विचारा.

मी फाग डाउनलोड करून ठेवले, म्हणजे मधे जाहिरात नको. आंघोळीच्या वेळी लावले, तर बाबांनी उपड्या बादलीवर ठेका धरला, आंघोळ झाली. दुसऱ्या दिवशी त्याच गाण्यावर पाण्याचा मग फेकून मारला. रोज चालेल असं काही नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"याददाश्त नहीं लौटेगी, बेटा," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

एकदा आंघोळीच्या वेळीच मोबाइल बंद पडला. बाबा चिडायला लागले, तशी आई स्वतःच फाग म्हणू लागली, तिच्या भुसावळी उच्चारांत. बाबा थबकले. "ऐसें नईं बाई, तनक रुक कें." आणि मधे जरा थांबत ओळ गाऊन दाखवली.

"बरं, पुन्हा सांगा," आई म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर पाणी ओतत राहिली.

त्यांनी ओळखावं, हा हट्ट आईने सोडला आहे. मला अजून जमलेलं नाही. मी रोज त्यांच्या तोंडून तिचं नाव निघतं का, ते बघते.

परवा बाबा मला हळूच म्हणाले, "जा बाई अब नोनो गाउन लगी." जा बाई म्हणजे ही बाई, नोनो म्हणजे छान. मी आईला सांगितलं.

ती टॉवेल पिळत म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली. आज पहिल्यांदा कौतुक केलं बघ."