माझा गुडघा आणि आरोंद्याची मांजरं

कोल्हापूरहून निघताना आमच्या ह्यांनी माझी सीट मागे सरकवून ठेवली होती. मी बसल्याबसल्या ती परत पुढे घेतली. गुडघा आखडतो, हे मला कुणापुढे कबूल करायचं नव्हतं.

उजवा गुडघा बदलून बरीच वर्षं झाली. वर धातू, खाली धातू, आणि मधे प्लॅस्टिकची चकती. ही चकती झिजते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, "कटकट वाजलं तर वाजू द्या. करकर सुरू झाली तर लगेच या. धातूवर धातू घासला की मोठं काम निघतं." पहिल्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होऊन मी दोनदा मरता मरता वाचले होते, त्यामुळे मोठं काम म्हणजे काय ते मला कुणी समजावायला नको. मी रोज कान देऊन ऐकत असे आणि रोज ठरवत असे, की ही कटकटच आहे. ह्यांना विचारलं की हे म्हणायचे, "मला तर काही फरक वाटत नाही."

आंबोली उतरून, सावंतवाडीत जेवून, उन्हं कलताना आरोंद्याला पोचलो. खाडीकाठी रुकय्याबींचं घर. त्यांचे यजमान मासळीचा व्यापार करतात आणि मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात.

"येवा, बसा," रुकय्याबी म्हणाल्या. "पाय दुखतत काय?"

"छे," मी म्हणाले, आणि बसताना गुडघा कट्कन वाजला. पडवीच्या टोकाला झोपलेली तीन मांजरं ताडकन उठली आणि शेपट्या उभारून थेट माझ्या पायाशी आली. मला वाटलं, काय हे प्रेमळ गाव!

खरा प्रकार सकाळी कळला. सुकतीला (ओहोटीला) खाडीतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून आणतात. रुकय्याबी पडवीत आदाळी (विळी) घेऊन बसतात आणि एकेक तिसरी पात्यावर धरून फोडतात. शिंपली उघडताना 'कट्' वाजतं, आणि फुटकी, बारकी असेल ती मांजरांना मिळते. आता पलीकडे मी उठले की कट्, बसले की कट्. मांजरं बिचारी पडवीभर येरझारा घालत होती.

"तुमच्या ढोपरात (गुडघ्यात) तिसरे आसत काय गो बाय?" रुकय्याबींनी विचारलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की आदाळी बाजूला ठेवावी लागली.

आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी तास संपलेला नाही. "अगं, जनावर प्रत्येक आवाज वेगळा लक्षात ठेवत नाही," भाकरी आणि तिसऱ्यांचं सुकं समोर असताना ह्यांचं सुरू झालं. "त्याच्या डोक्यात खाने असतात, म्हणजे कप्पे. हा खाण्याचा आवाज, हा पळून जाण्याचा, हा बिनकामाचा. थोडाफार फरक असला तरी चालवून घेतं. पण एका हद्दीपलीकडे गेला, की आवाज त्या खान्यातून बाद." मी सोलकढी प्यायले. माझा गुडघा खाण्याच्या खान्यात पडलाय, याचा मला अभिमानच वाटत होता. नवरा हाकेला येत नाही, इथं तीन तीन मांजरं येत होती.

दुसऱ्या दिवशी रेडीला यशवंतगड बघायला गेलो. हे म्हणाले, खालूनच बघू. मी म्हटलं, खालून बघायचा तर तो चित्रातसुद्धा दिसतो. जांभ्याच्या पायऱ्या, भिंतींना कवळून बसलेली झाडाची मुळं, बुरुजावरून दिसणारा समुद्र आणि लांब बंदरात उभी मालवाहू बार्ज. सगळं सुरेख होतं. उतरताना मात्र गुडघ्यात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. मी भिंतीला हात टेकवून तशीच उतरले.

आरोंद्याला परतलो आणि मी पडवीत टेकले. मांजरं जागची हलली नाहीत.

मी उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. एका मांजरानं एक कान वळवला आणि झोपून टाकलं.

"आज माजरां उठूक नाय ती?" रुकय्याबी दारातून म्हणाल्या.

"पोटं भरली असतील," हे घाईघाईनं म्हणाले. शिकवायचं सोडाच, माझ्याकडे बघेनातसुद्धा.

"रुकय्याबी," मी म्हटलं, "एक तिसरी फोडा बघू."

त्यांनी टोपलीतली एक घेतली आणि पात्यावर धरली. कट्. तिन्ही मांजरं क्षणात आदाळीपाशी. ती खाऊन पांगेपर्यंत मी थांबले आणि मग गुडघा वाकवला. कुणीही आलं नाही. तेव्हा मी स्वतः नीट ऐकलं. वाळूत पाटा ओढावा तशी करकर होती. मला भीती वाटली, आणि खाडीकडे तोंड करून मी रडले. रुकय्याबींनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला, आणि त्याही तिथंच बसल्या.

सकाळी परत निघालो. आंबोलीचा घाट चढलो. वर धुक्यात ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि समोर बघतच म्हणाले, "मला ऐकू येत होता तो आवाज, कटकटीच्या आड, बारीक. होळीच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाबरशील म्हणून नाही," हे म्हणाले. "मीच घाबरलो होतो. मागच्या वेळी दवाखान्याच्या त्या बाकड्यावर बसून मी काय काय विचार केले, तुला माहीत नाही."

असा संताप आला मला! आयुष्यभर लोकांना कानाचं शास्त्र शिकवलं आणि बायकोचा गुडघा ऐकून मूग गिळून बसले. चार गोष्टी सुनावल्या आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या मुलीनं नाव लिहून घेतलं, वय विचारलं, आणि म्हणाली, "सोबत राहणार कोण?"

मी ह्यांचं नाव सांगितलं. ह्यांना विचारलं नाही.